बॅलन्स रॉडच्या नादी लागलो तेव्हा

ताम्हिणीत आईला गाडी लागते. पुण्याहून माणगावकडे निघालो आणि मुळशी मागे पडलं की ती आलेपाकाची पुडी काढते, एक वडी तोंडात टाकते आणि डोळे मिटून बसते. तीन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड सेडान घेतली. पहिल्याच फेरीत घाट उतरल्यावर ती म्हणाली, "आधीच्या गाडीत बरं होतं रे." आईला गाडी लागली, मला ते वाक्य लागलं.

तिचं चुकलं नव्हतं. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला अक्षरशः झोपायची. शिवाय जरा वेग असला की स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक सरळच जायला बघायचं. याला अंडरस्टिअर म्हणतात. इंजिनाचं वजन पुढे, गाडी ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळवायचंही त्यांचंच. मागची दोन चाकं वरातीतल्या पाहुण्यांसारखी नुसती मागून चालत येतात.

रात्र रात्र वाचून मी निष्कर्ष काढला की मागचा स्टॅबिलायझर बार जाड टाकायचा. गॅरेजमध्ये याला बॅलन्स रॉड म्हणतात. स्प्रिंग स्टीलची वाकवलेली कांब असते. मधला भाग बुशात, म्हणजे रबरी गादीत, धरून सबफ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या सांगाड्याला बांधलेला, दोन टोकं लिंक रॉड नावाच्या छोट्या दांड्यांनी दोन्हीकडच्या आर्मना, म्हणजे चाकं धरणाऱ्या दांड्यांना जोडलेली. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर ती बुशात नुसती फिरते, काही करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की मात्र पिळली जाते आणि गाडीच्या कलण्याला विरोध करते. हा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. माझ्या गाडीचा बार कॅलिपरनं मोजला तर १६ मिलिमीटर भरला. मी १९ मिलिमीटरचा मागवला. फरक तीनच मिलिमीटरचा, पण कडकपणा जवळजवळ दुप्पट.

खोकं घेऊन ओळखीच्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. गाडी लिफ्टवर घेतली, पुढच्या लोअर आर्मखाली टॉमी, म्हणजे लोखंडी कांब घातली आणि दाबली. टक्. पुन्हा दाबली, पुन्हा टक्. आर्मचा मागचा बुश चिरला होता, रबर लोखंडापासून सुटून आलं होतं. मग त्यांनी लिंक रॉडचा बॉल जॉइंट दोन बोटांनी धरून खुळखुळ्यासारखा हलवून दाखवला.

"साहेब, घर गळतंय आणि तुम्ही पडदे घेऊन आलात."

बार डिकीत परत गेला. दोन्ही लोअर आर्मचे बुश, चारही लिंक रॉड आणि पुढच्या बारचे बुश बदलले. मागचा एक शॉकअप तेल गाळत होता, म्हणून मागची जोडीच टाकली. या सगळ्यात मी एक गोष्ट शिकलो. चिरलेला बुश फक्त आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात बसवला होता. तिथे चाकं हवेत लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट आवळले गेले असणार, असं मामा म्हणाले. रबराचा बुश ज्या स्थितीत आवळाल ती त्याची विश्रांतीची जागा. गाडी खाली उतरली की तो पिळलेलाच राहतो, मग प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळ, आणि काही महिन्यांत फाटतो. मामांनी बोल्ट आधी हातानं लावले, चारही चाकं रॅम्पवर टेकवली, गाडी दोन-चार वेळा दाबून बसवली आणि मगच बोल्ट शेवटचे घट्ट आवळले. पंधरा मिनिटं जास्त गेली असतील.

अलाइनमेंटवाल्यानं फक्त पुढचं टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते बघून "झालं" म्हटलं होतं. मागचं बघायला लावलं तर एक चाक आत बघतंय, एक बाहेर. माझ्या गाडीत मागे मल्टीलिंक, म्हणजे प्रत्येक चाक अनेक वेगळ्या दांड्यांनी धरलेलं असल्यानं तिथलं टो जुळवता येतं. मागे थोडं टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं किंचित आत बघणारी ठेवून घेतली, गाडी सरळ रस्त्यावर शांत झाली.

आता मोजायची वेळ आली. घाटात प्रयोग करायचे नाहीत हे ठरलेलं होतं, समोरून एसटी येते आणि तिच्यात माणसं असतात. एका ओळखीच्या कारखान्याच्या रिकाम्या काँक्रीटच्या आवारात परवानगी काढून रविवारी गेलो. मध्ये पहार उभी केली, तिला १५ मीटरची दोरी बांधली आणि कबड्डीचं मैदान आखतात तशी फक्कीनं गोल रेघ मारली. मी त्या रेघेवरून, नाक बाहेर जायला लागेपर्यंत वेग वाढवत फिरायचं आणि मेव्हण्यानं घड्याळ धरायचं. नवे बुश आणि शॉकअप घालून, बार जुनाच ठेवून, एका फेरीला ९.३ सेकंद लागले. ताशी साधारण ३६ किलोमीटर. ऐकायला काहीच नाही, पण आत बसलं की चहा सांडेल इतकी ओढ बसते.

मग खडू. टायरच्या कडेला, जिथे रस्त्याला टेकणारा भाग संपून बाजू सुरू होते, तिथे एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. त्याच्यावर आडव्या रेघा ओढल्या आणि चार फेऱ्या मारल्या. पुढच्या टायरचा खडू त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसला गेला, म्हणजे टायर वळणात कुशीवर लोळत होता. दाराच्या पट्टीवर हवेचा दाब ३२ लिहिलाय, आमचा पंक्चरवाला मात्र सवयीनं ३० भरायचा. पुढे ३४, मागे ३२ केलं. खडू त्रिकोणापाशी थांबला आणि वेळ ९.१ वर आली. फुकटच्या हवेनं दोन दशांश!

त्यानंतर तो महागडा बार लागला. त्याच्या टोकांना दोन-दोन भोकं आहेत. टोकाकडच्या भोकात लिंक लावली तर तरफ लांब आणि बार नरम, आतल्या भोकात तरफ आखूड आणि बार कडक. नरम भोकात ९.०, कडक भोकात ८.९. म्हणजे खिशाला सगळ्यात मोठी चाट देणाऱ्या वस्तूनं हवेइतकंच काम केलं होतं. पण आकडा सोडा, गाडी बदलली होती. नाक आत वळत होतं आणि कलणं निम्म्यानं कमी वाटत होतं. मी हवेत होतो. बारचे बुश मात्र पॉलियुरेथेनचे. सोबत आलेली सिलिकॉन ग्रीसची पुडी मी खोक्यात विसरलो, त्यामुळे आठवड्याभरात मागे उंदीर शिरल्यासारखं चूंचूं सुरू झालं. सगळं उघडून ग्रीस लावण्यात एक सुट्टी गेली.

जूनमध्ये कडक भोकातच ताम्हिणी गाठली. एकटा होतो, हे नशीब. उतारावर, भुरभुर पाऊस, उजवं वळण, समोर अचानक म्हशी. मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे सरकला. फारसा नाही, हातभर असेल. स्टिअरिंग उलटं फिरवून सावरलं. बाजूला थांबलो तेव्हा पिंढऱ्या थरथरत होत्या.

वाचताना नजरेआड केलेलं तिथे दरडीखाली बसून नीट कळलं. वळणात आतल्या टायरांवरचं वजन बाहेरच्या टायरांवर जातं. एकूण किती जाणार हे गाडीचं वजन, तिचा गुरुत्वमध्य किती उंच, चाकं किती रुंद अंतरावर आणि वळण किती वेगात, यावर ठरतं. बार त्यात ढवळाढवळ करू शकत नाही. त्यातलं किती पुढच्या जोडीनं सोसायचं आणि किती मागच्या, एवढंच तो ठरवतो. आणि टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे जी जोडी जास्त सोसते तिची पकड घटते. मी पुढच्या चाकांना जे वाढलं ते मागच्यांच्या ताटातून काढून. कोरड्या काँक्रीटवर मागच्यांकडे शिल्लक होती, ओल्या उतारावर पाय काढल्यानं वजन पुढे झुकलं आणि मागे उरलंच नाही.

परतल्यावर लिंक नरम भोकात गेल्या. मामांनी काही विचारलं नाही, फक्त "पाऊस ना?" म्हणाले. नरम भोकाचा आणखी एक फायदा झाला. कडक असताना डावं चाक खड्ड्यात गेलं की धक्का बारमधून उजवीकडेही पोचायचा आणि आतल्यांची मुंडकी डुलायची. ते बरंच कमी झालं.

गणपतीला आईला घेऊन गेलो. मुळशी मागे पडलं, पुडी निघाली. विळे गावात टपरीवर थांबलो तेव्हा ती उतरून आधी चहा सांग म्हणाली.

"लागली नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

"मग आलेपाक कशाला खाल्लास?"

"चवीला."