लग्न नाही, तर निदान कागद पक्के करा

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. मात्र २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने पत्र काढून स्पष्ट केलं, की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. काउंटरवर कुणी नाक मुरडलंच, तर त्या पत्राची प्रत पुढे सरकवा.

खरी गफलत पुढेच होते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे फक्त ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच. मृत्युपत्र नसेल तर एरवी तोंड न दाखवणारे भाऊ-पुतणे दावा ठोकतात आणि जोडीदार हात चोळत बसतो. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावीच. साक्षीदारांत एक डॉक्टर असला तर उत्तम; ‘शुद्धीत नव्हता’ हा आक्षेप ठरलेलाच असतो.