बुरशीला ३७ डिग्री कळतं

शनिवार, रत्नागिरी

आज लॅबमध्ये बुरशी ओळखायची जर्म ट्यूब टेस्ट लावली होती. कॅन्डिडा अल्बिकन्स ही आजार करणारी बुरशी, थोडं सीरम म्हणजे रक्तातला पातळ भाग, इन्क्युबेटर ३७ डिग्रीला, दोन-अडीच तास, मग स्लाइडवर थेंब टाकून बघायचं. गोल पेशींना बारीक सरळ नळ्या फुटलेल्या, मुळाशी जराही न आवळलेल्या, त्यावरूनच तर अल्बिकन्स ओळखतात. हेच सगळं खोलीच्या तापमानाला ठेवलं तर नळ्या येत नाहीत. रोजचीच टेस्ट आहे, पण मी दर वेळी थांबून बघत बसते, कारण डीएनए तोच, जीन्स त्याच, फक्त कुठल्या चालू नि कुठल्या बंद एवढंच बदललेलं असतं.

एचएसपी९० नावाचं प्रोटीन एरवी नळ्या काढायचा सिग्नल दाबून ठेवतं, पण उष्णता वाढली की बिघडायला लागलेली बाकीची प्रोटीन्स सांभाळण्यात ते अडकतं आणि इकडे सिग्नल सुटतो. हे टोरांटोच्या लॅबने २००९ मध्ये दाखवलं. मग ईसीई१ ही जीन जोरात चालू होते, तिच्यातून कॅन्डिडालायसिन बनतं आणि ते विष आपल्या पेशींना सरळ भोकं पाडतं.

हिस्टोप्लाझ्माचं (हीसुद्धा आजार करणारी बुरशीच) बरोब्बर उलट! तो मातीत धाग्यांसारखा वाढतो, फुप्फुसात ३७ डिग्री लागलं की गोल, सुट्या पेशींचा यीस्ट होतो. आरवायपी१ ही जीन काढून टाकली तर ३७ ला पण तो धागेच काढत बसतो. दोघांना तीच उष्णता कळते, पण वाटा अगदी वेगळ्या, हे मला फार सुंदर वाटतं, आजार करणारे असले तरी.

जेवताना आईने विचारलं, "मग आपल्या चपलांवर, पापडांवर पावसात बुरा येतो, त्याने का नाही गो काय होत?" एकदम मुद्द्याचा प्रश्न. बहुतेक बुरशींना ३७ डिग्री झेपतच नाही, आपलं गरम अंग हेच आपलं मोठं संरक्षण.

म्हणूनच कॅन्डिडा ऑरिस या आजार करणाऱ्या बुरशीची काळजी वाटते, ती ४२ डिग्रीलाही वाढते. २०२१ मध्ये ती अंदमानच्या किनाऱ्यावर आणि खाजणात सापडली आणि तिथला एक नमुना तर जास्त उष्णतेत हळू वाढणारा निघाला. हवा तापत चाललीय तशी ही बुरशी उष्णता सोसायला शिकली असेल, असं काही शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे पण खाजण आहे, कांदळवन आहे. भाट्याच्या खाडीतला चिखल कुणीतरी नीट तपासायलाच हवा, मे महिन्यातला वेगळा आणि पावसातला वेगळा. सोमवारी मॅडमशी बोलते.