पेडर रोडचा चढ

काल मुंबई मॅरेथॉन धावलो. पूर्ण, ४२.१९५ किलोमीटर. आज साताऱ्यात घरी आहे, जिना उतरताना कठडा धरावा लागतोय.

पहाटे अंधारात सीएसएमटीहून निघालो. सी लिंकपर्यंत पाय हलके होते. परतताना पेडर रोडच्या चढाला मात्र पोटऱ्यांत असे गोळे आले की थांबलोच. वर्षभर यवतेश्वरचा घाट चढलोय, पण मुंबईचा दमटपणा वेगळाच. कडेला उभ्या एका आजींनी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली. "खा बाळा, मग जा."

धावलो ते डायलिसिसच्या रुग्णांसाठी निधी गोळा करायला. अण्णा आठवड्यातून दोनदा चार-चार तास मशीनला असायचे. शेजारच्या खाटेवरचे काका एसटीच्या भाड्याला पैसे नाहीत म्हणून खेप चुकवायचे. ते मला विसरता येत नाही.

साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी निधीला ५० रुपयांची नोट दिली होती, चार घड्या घातलेली. ती बिबच्या, म्हणजे छातीवरच्या धावपटू-क्रमांकाच्या, मागे पिनेने लावून नेली. घामाने पार मऊ पडलीय. (निधीत माझे ५० भरले, ही नोट माझ्याकडेच राहणार.)

मेडल अण्णांच्या फोटोला घातलं. आई काही बोलली नाही, गरम पाण्याची बादली तेवढी आणून ठेवली.