१० नंबरचा पाना माझ्या खिशात होता

साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय त्याला आता १८ वर्षं झाली. आधी उस्तादाच्या हाताखाली, मग स्वतःचं दुकान, गोडोलीच्या बाजूला. एवढ्या वर्षांत हात भाजले, भुवया जळल्या, एकदा ट्रकचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, पायावर पडला, पण त्या सोमवारी जशी टरकली तशी कधी टरकली नव्हती, म्हणून लिहून ठेवतोय.

रविवारी दुपारी एक जुनी थार, सीआरडीई, पिकअपला दोर बांधून दुकानासमोर आली. मालक तिशीतला, डोळे लाल, बोलायच्या मूडमध्ये नाही. मित्रमंडळी शुक्रवारी संध्याकाळी बामणोलीला पाण्याकाठी तंबू ठोकून बसलेली, रविवारी सकाळी निघायला चावी फिरवली तर नुसतं टकटकटक. धक्का मारून बघितलं का विचारलं, तर म्हणाला उतार होता पण पाण्याकडं. हसू आलं मला, त्याला नाही आलं. तशी ही कॉमनरेल गाडी, डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमानं सोडणारी. बॅटरी पार मेली की त्या कॉम्प्युटरला, ईसीएमला, करंट नाही, डिझेल फवारणारे इंजेक्टर उघडत नाहीत, कितीबी ढकला. जुनी डीआय, साध्या पंपावर चालणारी, असती तर गिअर टाकून उठली असती. मग काय, कासपर्यंत ओढत चढवली आणि यवतेश्वरचा घाट इंजिन बंद ठेवून दोरावर उतरवली. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला व्हॅक्युम नाही, स्टिअरिंगला पॉवर नाही. कुठल्या देवाला नवस बोलला होता ते विचारलं नाही.

"दोन बॅटऱ्या हायत ओ दादा. दोन! खास त्याच्यासाठी तर बसवल्या," हे तो तीनदा बोलला.

खरंच दोन होत्या. एक बॉनेटखाली, दुसरी मागं डिक्कीत फळीवर पट्ट्यानं बांधलेली, साधी पाण्याची. मागचीवर फ्रिज, एलईडीच्या पट्ट्या, अँप्लिफायर. मीटर लावला तर पुढं ८.९ व्होल्ट आणि मागं पण ८.९. एका पॉइंटचाही फरक नाही. तिथंच डोक्यात टिक झालं. वेगवेगळ्या दोन बॅटऱ्यांवर आकडा असा सेम टू सेम येत नाही, त्या एकमेकींना जोडलेल्याच असल्या पाहिजेत. डॅशबोर्डखाली बघितलं तर दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा लाल चावीचा कटआउट स्विच, ऑन! ज्यानं कुणी बसवलं त्यानं सांगितलेलं म्हणे, गाडी चालू असताना ऑन, बंद केली की ऑफ. आता कॅम्पिंगला आलेला माणूस, बोकड शिजतंय, गाणी लागलीत, कोण जाऊन चावी फिरवणार? फ्रिज एकटा कॉम्प्रेसर चालू असताना ४ अँपिअरच्या आसपास खातो. बॅटरी उतरली की फ्रिज आपोआप बंद करतो तो लो व्होल्टेजचा कटऑफ पण ह्यांनी सगळ्यात खाली ठेवलेला. दोन रात्री लाईट, गाणी, फ्रिज सगळं दोघींनी मिळून ओढलं आणि दोघी मिळून झोपल्या.

दोन्ही बाहेर काढून रात्रभर हळू चार्जिंगला लावल्या, दहाव्या हिश्शानं, म्हणजे ७० अँपिअर-अवरची असेल तर ७ अँपिअर. सोमवारी सकाळी मागची मस्त १२.६ दाखवत होती. पुढची १०.५ वर अडकलेली, म्हणजे सहातला एक सेल गेला, ती भंगारात. मालकाला फोन केला, नवीन सांगितली आणि ती येईपर्यंत आधीचं वायरिंग उपसायला घेतलं, कारण ते मला पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. दोन बॅटऱ्या जोडणारी केबल बारीक, १० स्क्वेअर मिलिमीटरची, गालिच्याखालून पाइपाशिवाय नेलेली, पत्र्याच्या भोकाला रबर नाही, आणि फ्यूज एकच, पुढच्या बॅटरीजवळ.

आता चूक कशी झाली ते ऐका, चूक माझीच. दुकानात हाताखाली असलेल्या पोराला म्हणलं मागची बॅटरी फळीवर ठेव. तो म्हणाला व्हय. मी पुढं बॉनेटमध्ये डोकं घालून. बॅटरी ट्रे रिकामा, म्हणजे माझ्या हिशेबानं गाडीत करंटच नाही. तरी सवयीनं फ्यूज काढला, स्विचचा विचार पण केला नाही, होल्डरमधनं केबलचं टोक सोडवलं आणि ओढून बाहेर काढायला सोडून दिलं. ते लग, टोकाचं धातूचं कडं, जाऊन ट्रेच्या ब्रॅकेटवर पडलं, म्हणजे सरळ गाडीच्या अर्थवर.

फाटकन आवाज, निळा उजेड, आणि लग ब्रॅकेटला वेल्डिंग झाल्यासारखं चिकटलं. मला दोन सेकंद कळेचना की हे आलं कुठनं, बॅटरी तर मी काढलीय! मग दाराच्या उंबऱ्याकडनं धूर दिसला, गालिच्याखालून, वास आला प्लास्टिकचा, आणि मी ओरडलो. पोरानं नुसती ठेवली नव्हती, गुणी पोरगं, दोन्ही क्लॅम्प पण घातले होते. मागनं भरलेली बॅटरी, मध्ये एक पण फ्यूज नाही, पुढं माझं सोडलेलं टोक. सेल्फ मारताना जाईल त्याच्यापेक्षा जास्त करंट त्या शेवयाएवढ्या केबलमधनं चाललेला.

वाचलो कशामुळं तर क्लॅम्प आवळलेला नव्हता. आवळणार कशानं, १० नंबरचा पाना माझ्या खिशात! ज्या पान्यावरनं आमच्या दुकानात रोज शिव्या होतात तोच. पोरानं फडकं घेऊन क्लॅम्प हिसकला, परत एक ठिणगी उडाली, आणि संपलं. सगळं मिळून पाच-सहा सेकंद असतील. त्याच्या तळहातावर चट्टा उठला, गालिचा वीतभर जळाला, केबलचं कव्हर जागोजागी वितळून तांबं उघडं. मी ठीक होतो पण पाय लटलटत होते, कारण नंतर सुचलं की नुकतीच चार्जिंगवरनं काढलेली पाण्याची बॅटरी गॅस सोडत असते, हायड्रोजन, आणि पोरानं ती ठिणगी बरोब्बर तिच्या तोंडावर पाडली होती. फुटली असती तर ॲसिड थेट चेहऱ्यावर. गॉगल? दुकानात एक हाय, खिळ्याला टांगलेला, नवाकोरा.

मग चहा सांगितला. दोघंबी गप्प. पोरगं म्हणालं, "दादा, फ्यूज तर काढलेला ना तुम्ही?" आणि मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट नीट शब्दात सांगावी लागली. साध्या गाडीत वायरचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं बल्बला, बॅटरीजवळचा फ्यूज काढला की पुढची वायर मेली. ह्या केबलला दोन्ही टोकांना बॅटरी. मधे कुठं कापली तरी दोन्ही तुकडे जिवंत. पुढचा फ्यूज पुढच्या बॅटरीपासून वाचवतो, मागचीपासून वाचवायला मागं दुसरा लागतो, तो पण टर्मिनलपासून वीतभर अंतरात, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम बिनफ्यूजचाच राहतो.

दुपारनंतर सगळं नवीन केलं. १६ स्क्वेअरची केबल, पूर्ण पाइपात, भोकांना रबर, दोन्हीकडं ८० चे फ्यूज. तो लाल स्विच काढून टाकला आणि त्या जागी व्होल्टेज बघून जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच. गाडी चालू होऊन १३.३ च्या वर गेली की दोन्ही जोडतो, बंद करून १२.८ ला आली की तोडतो, माणसानं बोकड खाऊ दे नाहीतर झोपू दे. ह्या जुन्या गाडीला हे चालतं, इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर सरळ १४ व्होल्टच्या आसपास देत राहतो. नवीन बीएस-६ गाड्यांत बऱ्याचदा अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज खालीवर करतो, तिथं हा रिले सारखा सुटतो आणि मागची अर्धपोटीच राहते, त्यांना डीसी टू डीसी चार्जर लागतो, पुढनं कितीबी व्होल्टेज येऊ दे, मागचीला बरोबर भरणारा, महाग पडतो पण इलाज नाही. अर्थिंगला चेसिसचा रंग खरवडून बोल्ट मारला, वर व्हॅसलीन. मागं सीलबंद एजीएम, पाणी न लागणारी बॅटरी, घ्या म्हणून लय सांगितलं, मालक म्हणाला पुढच्या वर्षी, मग बॅटरीला झाकणाचा डबा केला आणि गॅसची नळी पत्र्यातनं खाली सोडली.

गालिच्याचे पैसे मी बिलात कमी केले, का ते पण सांगितलं. तरी मालक दुसऱ्या फ्यूजवर अडला, "एक हाय की पुढं, हा कशाला लावला?" मी काही बोललो नाही, पोरानंच जळक्या केबलचा तुकडा आणून त्याच्या हातात ठेवला आणि दुसरा हात उघडून तळवा दाखवला. पैसे दिले त्यानं.

आता दोन बॅटऱ्यांची गाडी आली की पोरगं काम संपल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढरी टेप लावतं आणि मार्करनं लिहितं, "मागं पण बॅटरी हाय. आधी ती सोड." गेल्या महिन्यात कराडच्या एका वायरिंगवाल्याचा फोन आला होता, हे कुणाचं अक्षर म्हणून विचारत होता.