तळाचा आवाज : आमची वाटचाल

अंबडच्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही तिघांनी सुरुवात केली ती जमिनीच्या मोजणीने. द्राक्षबागांचे बांध, प्लॉट, रस्ते. पाण्यात उतरलो ते पाझर तलावांमुळे. गावोगावी एकच विचारणा असायची, तळात गाळ किती साठलाय? दोरीला वजन बांधून खोली काढायचो. दिवसाकाठी जेमतेम पन्नास ठिकाणं व्हायची. शेवटी कर्ज काढून जुना एको साउंडर, म्हणजे आवाजाने खोली मोजणारं यंत्र, घेतला.

होडीच्या कडेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, बांधायचा. त्यातल्या चकतीला वीज मिळाली की ती थरथरते आणि 200 किलोहर्ट्झचा, आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज खाली जातो. तळावर आपटून प्रतिध्वनी आला की तीच चकती त्याची पुन्हा वीज करते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ वापरून हेच साधलं होतं. जायला-यायला लागलेला वेळ गुणिले आवाजाचा वेग, त्याचं निम्मं म्हणजे खोली.

सगळी मेख त्या वेगात आहे, आणि ती आम्हाला एका होडीवाल्या बाबांनी दाखवली. धरणाचं पहिलं काम, जानेवारी महिना. बाबा म्हणाले, "दादा, एवढं खोल नाही इथं. रोज जाळं टाकतो मी." दोरी सोडली. दोरी म्हणाली 20 मीटर, यंत्र म्हणालं 20.24. यंत्रात वेग होता सेकंदाला 1500 मीटर, समुद्राच्या पाण्याचा. धरणाचं गोडं पाणी, तेही 20 अंशांचं. त्यात आवाज 1482 मीटरनेच जातो. तळ चोवीस सेंटीमीटर खाली दिसला, म्हणजे तेवढा गाळ कागदावरून नाहीसाच झाला. दोन दिवसांचं काम आम्ही पदरच्या खर्चाने पुन्हा केलं. चुकीचा आकडा देऊन पैसे घेणं आमच्याने झालं नसतं. त्या आकड्यावर पुढे पाण्याची पाळी ठरते.

उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं की वेग 1509 होतो, म्हणजे चूक उलट्या बाजूला. मऊ गाळाचं दुखणं वेगळंच. 200 किलोहर्ट्झचा आवाज वरच्या थरावरूनच परततो, म्हणून आता सोबत 33 किलोहर्ट्झचाही लावतो. तो गाळात शिरतो.

आज आमच्या दोन होड्या आहेत, बाबांचा नातू एक चालवतो. रोज सकाळी तो लोखंडी पत्रा साखळीने ट्रान्सड्यूसरखाली बरोबर 5 मीटरवर सोडतो. पडद्यावर 5.00 दिसेपर्यंत वेग जुळवायचा, मग 10 मीटरवर पुन्हा पाहायचं. तोवर इंजिन सुरू करायचं नाही.