माणसी किती धरायचे?

पुण्यातले ऑफिसवाले विचारतात, ‘बहिणीचं लग्न एवढ्यात बसवलंस कसं? माणसी किती धरायचे?’ गावाकडचे विचारतात, ‘माणसं का कापलीस?’ प्रश्न एकच आहे. पुण्यात तो विचारताना लोक वही-पेन घेऊन बसतात, गावाकडे विचारताना तोंड फिरवतात, इतकाच फरक. दोघांनाही आजवर हसून उत्तर टाळत आलो. आता तुम्ही विचारलंतच म्हणून एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा विचारू नका.

लग्न २०२३च्या डिसेंबरातलं. आम्ही खटाव तालुक्यातले, मुलाकडचे कोरेगावचे. व्याही समजूतदार. ‘कार्यालय निम्मं-निम्मं, आणि जेवणाचं ज्याची माणसं त्यानं मोजायची’ असं त्यांनीच आधी म्हटलं. हुंड्याचा विषय निघाला नाही. म्हणजे मुलीच्या बापाला जी धास्ती असते, ती आम्हाला नव्हतीच. आमची भीती आमच्याच घरात होती. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, यादीत ८५० नावं होती.

पुण्यातल्यांसाठी हिशेब आधी उरकतो. लग्नाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. एक भाग माणसं कितीही असली तरी हलत नाही: सोनं, नवरीच्या साड्या, फोटो-व्हिडिओ, भटजी, मेकअपवाली. बहिणीच्या अंगावर घालायला चार तोळे करायचे होते आणि तेव्हा तोळा ६०,००० रुपयांच्या वर गेलेला. मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वेगळा. तिथे काटकसर करायची तर सोनंच कमी करावं लागतं, दुसरी वाट नाही. दुसरा भाग माणसांबरोबर वाढतो: ताट, सकाळचा नाश्ता, पाण्याच्या बाटल्या, पत्रिका, गावातून वऱ्हाडाच्या गाड्या, भावकीतल्या पुरुषांना टॉवेल-टोपी, बायकांना साड्या. आणि जागा. जागेचा खर्च मात्र माणसागणिक वाढत नाही, एकदम उडी मारतो. दोन्हीकडची मिळून सहाशेपर्यंत आम्हाला साधं कार्यालय पुरत होतं. त्यापुढे लॉन, भाडं दुपटीच्या वर, आणि मांडव-खुर्च्या निराळ्या.

ताट ३८० रुपये ठरलं होतं. मसालेभात, दोन भाज्या, पुरी, जिलबी, मठ्ठा. ८५० माणसांचे ३,२३,००० होतात, कार्यालयात आमच्या निम्म्या वाट्याला बसणाऱ्या ३०० माणसांचे १,१४,०००. नुसत्या ताटात २,०९,००० चा फरक. लॉन, गाड्या, टॉवेल-टोप्या धरल्या की साडेतीन लाखांच्या आसपास जातो. हे पैसे अण्णांकडे नव्हते. पतसंस्थेतून काढायला ते तयार होते, मी नव्हतो, कारण हप्ते माझ्या पगारातून जाणार होते. एवढं सरळ आहे. तेव्हा ‘माणसी किती’ हे विचारू नका, ते कुठलाही केटरर फोनवर सांगतो. किती माणसं, ते ठरवा. आणि ते एक्सेलमध्ये ठरत नाही.

अण्णांची यादी आली होती आहेराच्या वहीतून. आमच्या आजोबांनी सुरू केलेली वही. आत्याच्या लग्नापासूनची नोंद तिच्यात आहे: कुणी ५ रुपये, कुणी पितळी तांब्या, कुणी नुसता नारळ. पुढे २१, ५१, १०१. अण्णांच्या लेखी ती देण्याची वही. ज्यांनी आपल्या दारात येऊन आहेर केला, ज्यांच्या मांडवात आपण जेवलो, त्यांना आवतण दिलंच पाहिजे. ‘आपण त्यांचं खाल्लंय’ या वाक्यापुढे माझा लॅपटॉप काय करणार? त्यातून आमच्याकडे आवतणाचे प्रकार. भावकीला चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, झाडून सगळे जेवायला. बाकी गावाला घरटी एक किंवा दोन. भावकीचीच घरं चाळिसाच्या पुढे.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडतो. त्याचं म्हणणं होतं की हे सगळं संपलंय. २०२१च्या एप्रिलमध्ये नियम आला होता: लग्नाला २५ माणसं, दोन तास, मोडला तर ५०,००० दंड. त्या उन्हाळ्यात चुलतभावाचं लग्न घरासमोर पंचवीस माणसांत लागलं आणि भावकीतल्या एकानेही ब्र काढला नाही. तेव्हा चाललं, मग आता का नाही? मला हा मुद्दा बिनतोड वाटायचा. आजही त्यात चूक काढता येत नाही. फक्त एवढंच की तेव्हा माणसं सरकारने कापली होती. आता मी कापत होतो.

मी तोडगा काढला: भावकीलाही घरटी दोघं. आई गप्प बसली. अण्णा म्हणाले, ‘मी सांगणार नाही. तुला सांगायचं तर चल.’ गेलो.

पहिलीच पत्रिका थोरल्या तात्यांची. अण्णांचे सख्खे चुलतभाऊ, वयाने भावकीत सगळ्यांत मोठे. घरात लहानथोर नऊ माणसं. तात्या ओसरीवर पोत्यावर बसून कांदा निवडत होते, एका बाजूला चांगला, दुसऱ्या बाजूला कोंब फुटलेला. हात धोतराला पुसले, पत्रिका घेतली, कपाळाला लावली, हळदीकुंकू लागलेला कोपरा जपून उघडली. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून वाचली. सावकाश, मुहूर्तापासून ठिकाणापर्यंत. मग म्हणाले,

‘आवतण कसं हाय?’

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘तात्या, यंदा घरटी दोघं ठेवलंय. सगळ्यांनाच तसं.’

त्यांनी पुन्हा पत्रिका डोळ्यांपासून लांब धरली आणि खालच्या ओळींवर बोट ठेवलं. कांद्याचं एक साल बोटाला चिकटलेलं होतं, ते पत्रिकेवर पडलं. ‘ह्ये वाच.’

तिथे निमंत्रकांची नावं होती. पहिलंच त्यांचं. रीतच तशी आहे, भावकीतला थोरला आधी. छापताना मीच नावांचा क्रम लावून दिला होता.

‘निमंत्रक म्हून माझं नाव हाय. मग मी बोलवणारा का बोलवल्याला?’

मी काहीतरी बोललो. कार्यालय लहान आहे, दोन्हीकडची माणसं, केटररची गॅरंटी. ते शेवटपर्यंत ऐकत होते, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, ‘बरं. दोघं. दोघं कोन, त्ये बी तूच सांग की. थोरला का धाकला? सुना ऱ्हाऊ द्यायच्या का पोरं?’

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. अण्णा कांद्याच्या ढिगाकडे बघत उभे होते. आतून काकू चहा घेऊन आली, तिने माझ्या लहानपणी मला भरवलंय वगैरे सगळं खरं आहे. चहा प्यायलो. तात्यांनी पत्रिका देवळीत ठेवली आणि पुन्हा कांदा निवडायला घेतला.

यावर पुण्यातली माणसं मला म्हणतात, ‘अरे पण हे इमोशनल ब्लॅकमेल झालं.’ नाही झालं. त्यांनी प्रश्न विचारला आणि प्रश्न रास्त होता. गावाकडची माणसं म्हणतात, ‘तात्यांच्या घराला तरी सूट द्यायची.’ आणि मग पुढच्या घराला काय सांगायचं? एका घराला चूलबंद दिलं की संध्याकाळपर्यंत चाळीस घरांना कळतं. कापायचं तर सरसकट, नाहीतर कापूच नये. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. सरसकट असलं म्हणजे न्याय्य असतं, असं मात्र आता म्हणत नाही.

लग्नाला तात्या आले. एकटे. फेटा बांधून घेतला, अक्षता टाकल्या, ५०१ रुपयांचा आहेर लिहून घेतला, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवणाच्या आधी गावाकडच्या जीपमध्ये जाऊन बसले. भावकीतली निम्मी घरं आलीच नाहीत.

आता गॅरंटीचं ऐका, हे तुमच्याही कामाचं आहे. केटरर किमान ताटांचा आकडा आधी ठरवून घेतो. त्यापेक्षा जास्त उठली तर जादा पैसे, कमी उठली तरी तेवढेच. दोन्हीकडची मिळून गॅरंटी ६००ची होती. ताटांच्या चवडीपाशी आपला माणूस बसवायचा असतो, कारण बुफेत उष्टी ताटं मोजतात आणि एकाने दोनदा ताट घेतलं की ती दोन माणसं होतात. आमचा मामा बसला होता, चोख मोजणारा. उठली ५४१. उरलेल्या ५९ ताटांचे २२,४२० रुपये आम्ही न जेवलेल्या माणसांचे भरले, आणि ते आमच्याच बाजूने भरले, कारण व्याह्यांची माणसं ठरल्याप्रमाणे आली होती. तात्यांच्या घरचे नऊच्या नऊ त्यात बसले असते. वर पन्नास उरले असते. हा हिशेब मी रात्री कार्यालयात खुर्च्या गोळा होत असताना केला आणि कुणाला सांगितला नाही.

मग चुकलं का? कर्ज नाही काढलं. हप्ता नाही. बहिणीच्या लग्नाचं देणं त्याच महिन्यात मिटलं. पुढच्या मे महिन्यात तात्यांच्या नातवाचं लग्न झालं, शेतात मांडव घालून, आणि आम्हाला आवतण आलं चूलबंद. आई म्हणते, ती त्यांची रीत. अण्णा म्हणतात, ते उत्तर होतं. आम्ही सगळे गेलो, पोटभर जेवलो. जेवताना मी पंगती मोजत होतो, सवय लागलीय. हजाराच्या खाली नव्हती माणसं. पैसा कुठून आणला, ते विचारायचा मला अधिकार नाही.

आता धाकट्या भावाचं ठरतंय. त्याचं म्हणणं, रजिस्टर करू. तीस दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, आणि पन्नास माणसांचं जेवण. खर्चाच्या दृष्टीने त्याला तोड नाही, मीच त्याला आकडे काढून दिले. आई म्हणाली, ‘मग वहीतलं कुणाच्या लग्नात फेडायचं?’ घरातलं हे शेवटचंच कार्य. भावाने वही उघडून पाहिली, बेरीज करता येते का बघितलं, आणि विचारलं की हे सगळ्यांना गुगल पे करून टाकलं तर? आई अजून त्याच्याशी धड बोलत नाही. अण्णा मात्र हसले, आणि मग म्हणाले, तात्यांच्या तांब्याचं किती धरशील?