एक अडकित्ता घडवताना

आजीच्या अडकित्त्याचा रिव्हेट झिजला होता, पातं डुगडुगायचं. सुपारी फुटायची कमी आणि निसटायचीच जास्त. मी पुण्यात कॅडवर, म्हणजे संगणकावर, यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढते, आणि आमचे आबा कराडजवळच्या गावी अजून भट्टी पेटवतात. नवा अडकित्ता मी आखायचा आणि आबांनी घडवायचा, असं दिवाळीत ठरलं.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते मी आधीही पाहिले होते. या वेळी नक्षीपेक्षा बिजागरी, पातं आणि मूठ यांच्यातली अंतरं डोळ्यांत साठवून आले. आजीचा अडकित्ता आलेखाच्या कागदावर ठेवून वरून फोटो काढला, व्हर्निअरने (बारीक मापं घेणाऱ्या पट्टीने) मापं घेतली आणि फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही दांडे आखले. सुपारी बिजागरीपासून २५ मिमीवर बसते आणि हाताचा जोर १५० मिमीवर पडतो, म्हणजे सहापट जोर मिळतो. आजीची बोटं आता दुखतात, म्हणून दांडे लांबवून ती जागा १७५ मिमीवर नेली. सातपट झाला.

ड्रॉइंग मूळ मापातच छापून नेलं होतं. पहिल्याच तावाला, म्हणजे लोखंड पहिल्यांदा तापवून काढलं तेव्हाच, ठिणगी पडून कागदाला भोक पडलं. ते नसतं पडलं तरी आबांना त्या कागदाचा उपयोग नव्हताच. लाल लोखंड सांडशीत धरलेलं असताना मापं वाचायला वेळ कुठला? मग तीच बाह्यरेषा डीएक्सएफमध्ये, म्हणजे कटिंगच्या यंत्राला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये, काढून एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याकडून २ मिमी पत्र्याचे फर्मे कापून आणले. गरम दांडा फर्म्यावर टेकवला की कुठे वाकवायचं ते आबांना एका नजरेत कळायचं.

"लोखंड किती कापू?" हा आबांचा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे याचा मला फार आनंद झाला. ठोकून लोखंडाचा आकार बदलतो, घनफळ तेवढंच राहतं. खालच्या दांड्याचं घनफळ फ्रीकॅडने २४ घन सेंमी दाखवलं, वजन साधारण १८८ ग्रॅम. १२ मिमीच्या चौकोनी सळईत ते १६.७ सेंमी होतं. आबांनी तेवढंच कापलं, आणि दांडा शेपटीला अपुरा पडला. प्रत्येक तावाला थोडं लोखंड काळ्या खपल्या होऊन गळतं. शिवाय टोक सांडशीत धरायला लागतं, तेवढं वाया जातं. "दोन बोटं जास्त घ्यायची, पोरी," आबा म्हणाले. दुसऱ्यांदा २० सेंमी घेतली, उरलेलं टोक शेवटी छिन्नीने उडवलं.

पात्यासाठी जीपच्या जुन्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) तुकडा होता. खरी चूक माझी इथे झाली. पातं जिथे बिजागरीच्या डोळ्याला मिळतं, तिथे मी काटकोन ठेवला होता. स्क्रीनवर तो रेखीव दिसत होता. आबा ठोकताना म्हणाले होते, "हितं गोलाई पाहिजे." मी फर्म्यावर बोट ठेवलं आणि त्यांनी माझं ऐकलं. पातं कडक करायला पाणी देताना, म्हणजे खरं तर तापवून तेलात बुडवताना, 'टिंग' असा बारीक आवाज आला. त्याच कोपऱ्यातून केसाएवढी चीर गेली होती. झटकन थंड होणाऱ्या पोलादातला ताण अशा तीक्ष्ण कोपऱ्यातच साठतो. हे मी कॉलेजात शिकले होते, तरी त्या दिवशी आठवलं नाही. आबांचा दोन दिवसांचा घाम माझ्यामुळे वाया गेला, याचं फार वाईट वाटलं. नव्या ड्रॉइंगमध्ये तिथे ३ मिमीची गोलाई दिली.

दुसरं पातं घडल्यावर मी लगेच रिव्हेटचं भोक पाडू दिलं नाही. हातोड्याखालचा दांडा ड्रॉइंगबरहुकूम कधीच निघत नाही, कुठे मिलिमीटर जाड, कुठे थोडा तिरका. दोन्ही घडीव दांड्यांचे पुन्हा आलेखाच्या कागदावर फोटो घेतले, त्यांच्या बाह्यरेषा लॅपटॉपवर आखल्या आणि पातं फिरवून पाहिलं. ते मागच्या बाजूला आधी टेकत होतं, पुढे फट राहत होती. पात्यातलं भोक दीड मिमी सरकवल्यावर धार एका रेषेत बसली. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. पहिल्या ड्रॉइंगपेक्षा ऐरणीवरून उतरल्यानंतरचं हे दुसरं ड्रॉइंग जास्त कामाला आलं.

मग भोक पाडलं आणि पुन्हा भट्टी. साधारण ७७० अंशांना लोखंड लोहचुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं पुढे तापवून पातं तेलात बुडवलं. या वेळी आवाज आला नाही. कानशीने घासून चकचकीत केल्यावर मंद आचेवर गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढेपर्यंत धरलं. हा रंग ओळखणं पूर्णपणे आबांचं. मी नुसती शेजारी उभी होते.

६ मिमीचा रिव्हेट ठोकून अडकित्ता आजीच्या हातात दिला. सुपारी एका दाबात फुटली. आजीने दोन-तीनदा उघडमीट करून पाहिली आणि मूठ थोडी बारीक हवी म्हणाली. ती बारीक केली की घनफळ बदलतं, म्हणून परवा फोनवर आबांना नवी लांबी सांगितली: साडेअठरा. त्यात दोन बोटं धरली आहेत का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं.